‘थोडा खुराक वाढवा’ : एका नव्या दुभत्या शेळीचे ४५ दिवस

हे प्रकरण लिहायला मी दोन महिने टाळाटाळ केली, कारण यातली पहिली चूक माझी आहे. शेळी वाचली, घरात रुळली, दूधही देते. पण पाचव्या दिवशी सकाळी तिच्या डाव्या कुशीवर मूठ दाबली तेव्हा आत पखालीतल्यासारखं पाणी हिंदकळलं. त्या पाण्यापर्यंत गोष्ट पोचण्यात माझ्या फोनवरच्या एका वाक्याचा हात होता. मी सिन्नर तालुक्यात बारा वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतो. असं वाक्य त्याआधी मी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

घर मामा-मामींचं. मामा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, दोन एकर जमीन, मुलगा नाशिकला कंपनीत. घरात वीस वर्षांत जनावर नव्हतं. आदल्या पावसाळ्यात सुनेला डेंगी झाला, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून शेळीचं दूध म्हणतील त्या भावानं आणलं गेलं आणि मामींनी तिथंच ठरवलं की आता दारात शेळी हवी. (शेळीच्या दुधानं प्लेटलेट वाढतात याला काही आधार नाही. डेंगीच्या दिवसांत त्या दुधाचा भाव मात्र हमखास वाढतो.) फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मामांनी संगमनेरच्या पठार भागातल्या एका वाडीवरून शेळी आणली. जातिवंत संगमनेरी: अंगानं पांढरी, मानेवर तांबूस छटा, लोंबते कान, मागे वळलेली शिंगं. सहा दाती, दुसरं वेत, व्यायला २२ दिवस झालेले. जुळी झाली होती. बोकड मालकांनी ठेवून घेतला, पाट, म्हणजे मादी करडू, आईबरोबर दिली. सौदा १७,५०० रुपयांत तुटला. मामींनी नाव ठेवलं चंद्री.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, दोन टायमाचं दोन लिटर. मामी स्वतः गेल्या होत्या आणि त्यांच्यासमोर धार काढली तेव्हा तांब्या काठोकाठ भरला होता, म्हणजे लिटरभर. मी नंतर विचारलं, करडं तेव्हा कुठं होती? तर दावणीला, वेगळी. आदल्या संध्याकाळपासून. म्हणजे चौदा-पंधरा तासांचं साठलेलं दूध, करडांच्या वाट्यासकट, एका धारेत निघालेलं. याला फसवणूक म्हणवत नाही. कास भरलेली दिसावी म्हणून करडं तोडायची, हा शेळ्या विकण्याचा जुनाच रिवाज आहे. पण हिशेब साधा होता: करडाचं पोट भरून या शेळीनं घराला दिवसाला लिटरभर दिलं तरी ती उत्तम शेळी. संगमनेरी शेळी सर्वसाधारणपणे अर्धा ते एक लिटर देते. मामांच्या डोक्यात मात्र ‘दोन’ हा आकडा पक्का बसला, आणि पुढचं सगळं त्या आकड्याचा पाठलाग करताना घडलं.

मामांची वही

या प्रकरणात मला जे आकडे मिळाले ते मामांमुळे. तीस वर्षं लॉगशीट भरलेला माणूस. शेळी आली त्या दिवसापासून त्यांनी वहीत वेळ, दूध आणि खुराक लिहायला सुरुवात केली. बाकीच्या घरी मी ‘कधीपासून?’ विचारतो तेव्हा ‘झाले असतील चार-सहा दिवस’ असं उत्तर येतं. इथं मिनिटं लिहिलेली होती.

पहिला दिवस, शनिवार. दुपारी दीड वाजता छोटा हत्तीच्या उघड्या हौद्यात चढवली, साठेक किलोमीटरचा रस्ता, पावणेचारला घरी. मामींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, ओंजळभर गहू आणि गुळाचा खडा पुढं केला. गल्लीतली पोरं जमली. मोटारसायकल उभी राहायची त्या पत्र्याच्या पडवीत शेळी आखूड दोरीनं बांधली, पाट स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत. रात्री तिनं सगळं दूध पिऊन टाकू नये म्हणून. खायला लसूणघासाची पेंढी. संध्याकाळी सात दहाला धार: ४०० मिली.

दुसरा दिवस. सकाळी ३५०, संध्याकाळी २५०. शेरा: ‘रात्रभर ओरडली.’

त्याच संध्याकाळी मामांनी मला फोन केला. मी डुबेरेच्या बाजूला एका अडलेल्या गाईपाशी होतो, हात कोपरापर्यंत भरलेले, फोन पोराने कानाला धरलेला. मामा म्हणाले, दोन लिटरची शेळी सहाशे मिलीवर आली. मी म्हणालो, “नवीन जागा आहे मामा, रुळेल. थोडा खुराक वाढवा.” वीस सेकंदांचं बोलणं. खुराक आत्ता काय चाललाय, किती चाललाय, ती तिकडं काय खात होती, पाणी पिते का, यातलं काहीही मी विचारलं नाही.

आता या ‘थोडा’चं त्या घरात काय झालं ते वहीत आहे. मामांनी गिरणीतून मका भरडून आणला, तोही बारीक, पिठाच्या जवळचा, ‘म्हणजे पचायला हलका’. माप म्हणून फडताळातला डालड्याचा जुना डबा काढला. रविवारी रात्री एक डबा. सोमवारी दोन, सकाळ-संध्याकाळ. मंगळवारी दोन डबे, शिवाय पाहुणे येऊन गेले होते त्यांच्या उरलेल्या पोळ्या आणि पातेल्यातला भात. नंतर तो डबा मी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघितला. सपाट भरला तर भरडा ७४० ग्रॅम. म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड किलो. ती शेळी आयुष्यभर ओंजळभर बाजरीवर वाढलेली. ओंजळ म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम.

दूध सोमवारी २०० आणि २००. मंगळवारी सकाळी २५०. त्या ५० मिलीच्या वाढीपुढं मामांनी ठळक बरोबरची खूण केली आहे. उपाय लागू पडतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. मंगळवारी संध्याकाळी १५०. शेरा: ‘भरडा अर्धा टाकला. भिंतीकडे तोंड करून उभी. दात खाते. रुसली असेल.’

पाचवा दिवस, सकाळी सहा

“डॉक्टर, शेळी उठू नाही राह्यली,” मामींचा फोन. आवाज ऐकून या वेळी गाडीला किक मारली.

पडवीत शेळी बसलेली, मान कुशीवर टाकलेली. डोळे खोल गेलेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी लगेच मिटत नव्हती. ताप १००.६, निरोगी शेळीचा १०२ ते १०३ असतो, म्हणजे अंग थंडावत चाललेलं. हृदयाचे ठोके मिनिटाला १२०. डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप ठेवून दोन मिनिटं घड्याळ लावून ऐकलं. कोटीपोट, म्हणजे रवंथाचं पहिलं मोठं पोट, मिनिटाला एकदा-दोनदा तरी ढवळतं, लांबून ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. इथं काही नाही. मूठ दाबली तर हिंदकळणारं पाणी. शेपटीखाली लेंड्यांऐवजी करड्या रंगाचा आंबूस वासाचा चिखल, त्यात मक्याचे कण जसेच्या तसे.

मामा बाटलीत शेंगदाण्याचं तेल घेऊन उभे होते. कुणीतरी सांगितलं होतं, पोट फुगलंय, पावशेर तेल पाजा. मी आधी ती बाटली हातातून घेतली. दोन कारणांनी. पोट फुगलेलं नव्हतंच. फुगवटा असता तर डावी कूस वरच्या अंगाला नगाऱ्यासारखी ताणली असती, टिचकी मारल्यावर तसाच आवाज आला असता. आणि दुसरं, मान टाकलेल्या जनावराला बाटलीनं काहीही पाजलं की ते गिळत नाही, श्वासनळीत जातं. पोटाच्या दुखण्यानं आलेली शेळी मग फुप्फुसाच्या दुखण्यानं जाते. असं गेलेलं जनावर मी दरवर्षी एक-दोन तरी बघतो.

नव्यानं आणलेली शेळी आजारी पडली की माझ्या डोक्यात पहिलं नाव पीपीआरचं, शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणूजन्य रोगाचं, येतं. प्रवासाचा ताण, नवा कळप, आणि चार-सहा दिवसांत दिसणारी लक्षणं. तारखाही जुळत होत्या. पण पीपीआरमध्ये ताप चढतो, १०४-१०५ पर्यंत. नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात चट्टे. इथं ताप उतरलेला, हिरड्या स्वच्छ. आंत्रविषाराची भीती जास्त खरी होती. जास्तीचं धान्य पोटात गेलं की आतड्यातले जंतू त्याच संधीची वाट बघत असतात, आणि तो आजार बहुतेक वेळा औषधाला वेळच देत नाही. पण झटके नव्हते, मान मागे वाकलेली नव्हती. कास दोन्ही बाजूंनी मऊ, दुधात गाठी नाहीत, म्हणजे दगडीही (कासेचा दाह) नाही. राहिलं ते वहीतच लिहिलेलं होतं. तोंडात लाकडी चाप देऊन पोटात नळी घातली, थोडं पाणी ओढलं. दुधट करडं, नाकात झोंबणारं आंबट. पट्टीवर सामू (पीएच) ५. एरवी तो ६ ते ७ च्या मध्ये असतो. ॲसिडोसिस, म्हणजे पोटात आम्ल वाढलेलं.

हे का होतं ते मामांना मी तिथंच पायरीवर बसून सांगितलं, कारण त्यांना ‘जास्त खाल्लं’ एवढं पुरलं नसतं. शेळीच्या पोटात शेळीचं पोट भरणारे दुसरेच जीव राहतात. पाला पचवणारे जंतू वेगळे, धान्य पचवणारे वेगळे. रोज जे खाणं येतं त्याप्रमाणे त्यांची वस्ती जमते, आणि ती बदलायला दोन आठवडे तरी लागतात. बोरी-बाभळीच्या पाल्यावर जमलेल्या वस्तीत अचानक दीड किलो बारीक मका ओतला की पिष्ट खाणारे माजतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लात बाकीचे मरतात. मग हे घट्ट झालेलं आंबट पाणी अंगातलं पाणी आत ओढून घेतं. म्हणून पोटात पाणी हिंदकळत होतं आणि डोळे मात्र कोरडे पडून खोल गेले होते. भरडा जितका बारीक तितकं हे लवकर. मामांनी विचारलं, “म्हणजे हलका करून दिला तेच वाईट झालं?” हो म्हणावं लागलं.

उपचारात नवल काही नाही. वजन चौतीस किलोच्या आसपास, छातीच्या घेरावरून काढलेलं. तीस ग्रॅम खायचा सोडा लिटरभर कोमट पाण्यात, नळीनं. शिरेतून सलाईन आणि सोडाबायकार्ब. बी-१ची सुई, कारण या बिघाडात ते जीवनसत्त्व पोटात तयार होणं थांबतं आणि मग मेंदूवर परिणाम होतो. सहा तासांनी अर्धा सोडा परत. खाणं सगळं बंद, पुढ्यात फक्त वाळलेलं गवत, पाणी थोडं थोडं पण वरचेवर. हे सगळं नळी, चाप आणि शिरेची सुई हाताशी असेल तरच करायचं आहे. वाचून घरी करण्यासारखं नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकाच्या अलीकडची. आम्ल मारलं तरी पोटातली वस्ती उठून गेलेली असते, ती कुठून तरी आणावी लागते. शेजारच्या आजींकडं सात शेळ्या, सगळ्या टोचलेल्या, मला माहितीतल्या. आजींनी काय केलं: त्यांची जुनी शेळी सावलीत रवंथ करत बसली होती, तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, गळ्याखाली हात ठेवला. घास पोटातून वर आला की गळ्यातून गोटी सरकताना दिसते. ती सरकली आणि तोंडात पोचली, तेवढ्यात आजींनी अंगठा जबड्याच्या मोकळ्या कडेतून आत घालून हिरवा, वाफाळता घास दोन बोटांवर बाहेर काढला. शेळीनं एकदा मान झटकली आणि पुढचा घास वर आणला. असे पाच-सहा घास कोमट पाण्यात कालवून, गाळून आम्ही चंद्रीला नळीनं दिले. आमच्या शिक्षणात याला वेगळं भारदस्त नाव आहे. आजी म्हणाल्या, “माझी सासूबी असंच करायची.”

गुरुवारी दुपारी चार चाळीसला, वहीप्रमाणे, चंद्रीनं पहिला घास रवंथ केला. मामींनी मला फोन करून नुसतं “चघळू राह्यली” एवढंच सांगितलं.

दूध गेलं कुठं होतं?

जीव वाचला, पण मूळ प्रश्न तसाच होता. दूध भरडा द्यायच्या आधीच पडलं होतं. पहिल्या संध्याकाळी ४००, दुसऱ्या दिवशी ६००. खुराक कमी म्हणून पडलं असतं तर एका दिवसात पडलं नसतं. शेळी अंगावरची चरबी वितळवून आठवडाभर तरी दूध ओढते. मग मी मामांना फोन लावायला सांगितला, विकणाऱ्याच्या घरी. तिथल्या मावशींनीच ती शेळी वाढवली होती, दूधही त्याच काढायच्या. हा फोन खरं तर शेळी गाडीत चढायच्या आधीच व्हायला हवा होता. दहा मिनिटांत त्यांनी जे सांगितलं त्यात सगळं प्रकरण होतं.

शेळी सकाळी दहाला सुटायची, संध्याकाळी पाचला यायची. बोर, बाभळीच्या शेंगा, हिवराचा पाला. लसूणघास तिनं कधी बघितलेला नाही. घरी आल्यावर ओंजळभर बाजरी आणि मिठाचा खडा. पाणी वाटेतल्या सिमेंटच्या टाक्यावर. धार काढताना पाट एका सडाला लावायची, ती चार घोट पिली की शेळी पान्हा सोडते, मग दुसऱ्या सडाची धार. आणि मावशी मागून बसायच्या, दोन मागच्या पायांच्या मधून हात घालून, पठारावर सगळे काढतात तसं.

मामी कशा काढत होत्या? गाईच्या सवयीनं उजव्या अंगाला लाकडी पाटावर बसून, मामा शिंगं धरून, पाट मागच्या खोलीत ओरडत. शेळीच्या दृष्टीनं तो हल्ला होता. पान्हा मनावर असतो असं बाया म्हणतात ते शब्दशः खरं आहे: करडाचा स्पर्श, ओळखीचा हात, ठरलेली वेळ यांनी मेंदूतून संदेश सुटतो आणि कासेतल्या पिशव्या आवळून दूध सडात उतरतं. जनावर घाबरलं की नेमका तोच संदेश अडतो. दूध कासेत असतं, उतरत नाही. शेळी पान्हा चोरते. आणि चार-सहा वेळा कास पुरी रिकामी झाली नाही की शरीर ते दूध बनवणंच कमी करतं. (इथं काही जण पान्ह्याची सुई, म्हणजे ऑक्सिटोसिन, सुचवतात. ती मी अडलेल्या वेतासाठी ठेवतो. रोजच्या धारेला ती वापरणं हा गुन्हा आहे आणि शेळीला तिची सवय लागते ती वेगळीच.)

पाण्याचं मामींनी स्वतः शोधून काढलं. शेळी बादलीशी जायची, हुंगायची, मागे फिरायची. बादली धुण्याची होती. आपल्याला स्वच्छ वाटते, शेळीला साबण येतो. मामींनी स्टीलचं घमेलं चिंचेनं घासून त्यात पाणी ठेवलं तर तिनं मान वर न करता रिकामं केलं. दुभत्या शेळीला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त, आणि दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं. पहिले चार दिवस ती किती पिली याची वहीत नोंद नाही. तेवढाच एक रकाना मामांनी आखला नव्हता.

सहाव्या दिवसापासून

पहिला बदल पाटीचा. आईच्या शेजारीच, मध्ये बांबूची जाळी, एकमेकींना दिसतील, नाकाला नाक लागेल अशी. दिवसा मोकळी, रात्री फक्त जाळी. त्याच रात्री ओरडणं थांबलं. इथं मला एक तडजोड करावी लागली. शेळी एकटी राहत नाही, कळपाचं जनावर आहे; आजींच्या शेळ्यांत सोडली असती तर दोन दिवसांत रुळली असती. पण नवं जनावर २१ दिवस तरी वेगळं ठेवायचं, नाही तर ते जे घेऊन आलंय ते सगळ्या गल्लीला वाटतं. मी २१ दिवसांच्या बाजूनं उभा राहिलो, आणि सोबतीला पाट पुरली. ती नसती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडं तयार नाही. पाटीचं वजन साडेचार किलो, आईचं दूध तेव्हा शंभर मिलीवर आलेलं. तिला आठवडाभर गाईचं दूध उकळून कोमट करून बाटलीनं, दिवसाचं सहाशे मिली, चार वेळांत विभागून.

मामांची इच्छा होती की आता आलोच आहे तर जंताचं औषध, लस, सगळं एकदम उरकावं. मी नाही म्हटलं. पोट नुकतं सावरत असताना त्यावर आणखी ओझं नको, आणि तणावातल्या जनावरात लस नीट धरतही नाही. डोळ्याच्या खालच्या पापणीचा रंग गुलाबी होता, पांढरा फटक नव्हता, म्हणजे रक्त पिणारे जंत थैमान घालत नव्हते. बाराव्या दिवशी लेंड्या तालुक्याच्या दवाखान्यात तपासल्या, मग औषध दिलं. ब्रुसेलासाठी, म्हणजे कच्च्या दुधातून माणसालाही होणाऱ्या रोगासाठी, रक्त पाठवलं, ते निर्दोष आलं; तोवर आणि त्यानंतरही दूध उकळूनच, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पीपीआरची लस २४ व्या दिवशी. आंत्रविषाराची मे महिन्यात, पावसाळ्याआधी.

खुराक. इथं मी ‘थोडा’ हा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं होतं. मामींनी कान तुटलेला चहाचा कप आणला, दुकानात वजन केलं, काठोकाठ भरला तर भरडा ११० ग्रॅम. आठव्या दिवशी एका वेळेला अर्धा कप, जाडा भरडा, बारीक नाही. दर तीन दिवसांनी पाव कप वाढ. लेंड्या जरा जरी एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर एक पायरी मागे. तसं एकदाच झालं, सतराव्या दिवशी. चौथ्या आठवड्याअखेर सकाळी दीड कप, संध्याकाळी दीड कप, यावर थांबलो. मका निम्मा, बाकी शेंगदाणा पेंड आणि गव्हाचा कोंडा, वर क्षारमिश्रण आणि मीठ. शेतीच्या बांधावर बोरी आहेतच. मामा रोज डहाळ्या तोडून टांगू लागले, जमिनीवर न टाकता, तिच्या तोंडाच्या उंचीवर. पायाखाली गेलेला पाला शेळी खात नाही. लसूणघास आदल्या दिवशी कापून सुकवलेला, आधी कडबा खाल्ल्यावर, मूठभरापासून. शेवरी आणि सुबाभूळही बांधावर आहे. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवायला सांगितलं. जास्त झालं तर केस गळतात.

दूध: दहाव्या दिवशी २००. पंधराव्या दिवशी ४५०. एकविसाव्या दिवशी ६५०. तिसाव्या दिवशी ८००, आणि तिथंच ते राहिलं. शेळीचं दूध व्यायल्यानंतर चौथ्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात वर चढतं. चंद्री घरी आली तेव्हा नेमकी त्या चढणीच्या तोंडाशी होती. ते दिवस एका वेतात एकदाच येतात. या वेतातला तिचा कळस बुडाला, आता पुढच्या वेतात बघायचं. मामांनी वहीत हिशेबही मांडला: उपचार, औषधं, पाटीचं दूध मिळून २,४०० रुपये. बुडालेल्या दुधाचा रकाना त्यांनी आखला, भरला नाही. माझं वाक्यही त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, तारखेसह: ‘डॉक्टर: थोडा खुराक वाढवा.’ ते पान त्यांनी मला दाखवलं, पण बोलले काही नाहीत.

४५ व्या दिवशी गावात लग्न होतं, त्याला पठारावरच्या मावशी आल्या होत्या. संध्याकाळी त्या शेळी बघायला मामांकडं आल्या, मी लसीचं कार्ड द्यायला तिथंच होतो. फाटकातूनच त्यांनी “चांदे!” अशी हाक मारली. शेळीनं कान टवकारले, डहाळी तोंडात तशीच. मावशी तिच्या मागं जाऊन उकिडव्या बसल्या, पदर खोचला, पाटीला एका सडाला लावली. कुणी शिंगं धरली नाहीत. शेळी पाला चघळत उभी. मामी तांब्या धरून बाजूला, नजर मावशींच्या मुठीवर. अंगठा मुडपून त्या सड ओढत नव्हत्या. वरून तर्जनीनं बंद करायच्या आणि एकेक बोट खाली मिटत न्यायच्या. धार तांब्याच्या बुडाला वाजायची थांबली आणि फेसात शिरल्यावर तिचा आवाज बदलला.

त्या संध्याकाळची नोंद मामांच्या वहीत आहे. मामींची रोजची संध्याकाळची धार ३५०. त्या दिवशीची ४८०. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी मागून बसल्या. ४२०, आणि शेरा: ‘लाथ एकच.’